कुळागराचे कागद कपाटातच राहू देत

प्रिय आई-बाबा,

फोनवर बाबांना अर्धंच ऐकू येतं आणि मग दादाला भलतंच सांगितलं जातं, म्हणून सगळं लिहूनच पाठवतेय. आई, तूच वाचून दाखव.

आमच्या विमान कंपनीचं परमिट अजून हातात नाही, पण अडकलेलंही नाही. विमान मंत्रालयाची एनओसी आली, आम्हा डायरेक्टर लोकांचं गृहखात्याचं क्लिअरन्स झालं, आता फाइल डीजीसीएकडे, म्हणजे विमान वाहतुकीवर देखरेख करणाऱ्या सरकारी खात्याकडे आहे. त्यांचे पाच टप्पे असतात, आम्ही तिसऱ्यात आहोत, म्हणजे कागद तपासणी. ऑपरेशन्स मॅन्युअल, मेंटेनन्सचं वेगळं, सेफ्टीचं वेगळं, सिक्युरिटी प्रोग्राम तर बीसीएएसकडे, म्हणजे विमान सुरक्षेच्या वेगळ्या खात्याकडे जातो. बाबा, तुम्ही म्हणालात दिल्लीत कोणाची ओळख लावू का, कृपा करून लावू नका. हे लोक काय विचारतात माहितीय? विमानातली कुठली वस्तू बंद असली तरी उडता येतं आणि कुठली बंद असली की जमिनीवरच राहायचं, याची यादी आपल्याच विमानाप्रमाणे करून द्यावी लागते. आणि पावसात कॅप्टन नाही म्हणाला की मग आत मंत्री बसलेला असो की मी, विमान जाणार नाही, तेही लेखी. मला तरी हा छळ वाटत नाही, तुम्हाला त्यात बसवायचंय ना एक दिवस.

विमानतळ मोपाचाच का, दाबोळीचा का नाही, हे आईने विचारलेलं. दाबोळी नौदलाचं, सकाळी त्यांचं ट्रेनिंग चालतं तेव्हा आपल्यासारख्यांना जागा मिळणं कठीण. मोपा चोवीस तास चालू असतं आणि ते पेडण्यातच, तुमच्यापासून काही लांब नाही.

शेजारच्या काकींना सांग की शिर्डीची तिकिटं मिळणार नाहीत. आमचं नॉन-शेड्यूल्ड आहे, रोज आठ वाजता शिर्डी असा बोर्ड लावताच येत नाही, अख्खं विमान ठरवून घ्यायचं. त्यांची पंधरा माणसं असली तरी जमणार नाही म्हणा, किंग एअर आहे, छोटं.

आता पैशाचं. खरा खर्च विमानापेक्षा थांबण्याचा आहे. परमिटसाठी निदान एक विमान लागतं, ते लीजवर घेतलंय, पायलट, इंजिनिअर, सेफ्टीचा माणूस सगळे आधीच नेमावे लागतात कारण त्यांची नावं अर्जात जातात, म्हणजे पगार चालू आणि गिऱ्हाईक एकही घ्यायचं नाही. पुढच्या टप्प्यात तर डीजीसीएचे इन्स्पेक्टर बसवून उड्डाणं करून दाखवायची, इंधन आमचंच. हे आम्हाला पहिल्यापासून माहीत होतं आणि त्याचे पैसे आम्ही पार्टनरांनी बाजूला काढूनच हात घातला. गणेश चवथीपर्यंत नाही झालं तरी पुरतील, त्याच्याही पुढे गेलं तर लीज सोडून देऊ, नुकसान आमचं.

दादा म्हणाला बाबा आपल्या सुपारीच्या कुळागराचे, बागेचे कागद घेऊन बँकेत कर्जाचं विचारायला गेले होते. बाबा, मॅनेजरला आजच फोन करून नाही म्हणून सांगा, आणि त्यांनी काही फॉर्म दिला असेल तर सही करू नका. सुपारी काढणीला माणसं मिळाली का तेवढं कळवा, शनिवारी येतेच आहे.

तुमची,
बाय