कार्लाइलचा १९१२चा मोसम आणि काका, तुमचे आभार

आदरणीय काका,

सप्रेम नमस्कार.

पुढच्या महिन्यात तुम्ही कायमचे कोल्हापूरला परत चाललात, हे मंडळाच्या गणपतीत कळलं. घरी आल्यावर लक्षात आलं की तुमचे आभार मानायचे राहूनच गेलेत. समोर बोलायला गेले तर तुम्ही "ह्यात काय एवढं" म्हणून विषय बदलाल, म्हणून लिहूनच काढते. आणि चारचौघांनी वाचावं असं लिहिते, कारण पेनसिल्व्हेनियातल्या हॅरिसबर्ग-मेकॅनिक्सबर्ग पट्ट्यातल्या कितीतरी मराठी घरांना कार्लाइल म्हणजे हायवेवरची एक एक्झिट एवढंच ठाऊक आहे. तुमची भेट होईपर्यंत मलाही तेवढंच ठाऊक होतं.

तुम्हाला आठवत असेल, लेक तेव्हा सातवीत होता. शाळेत पेनसिल्व्हेनियाच्या इतिहासावर प्रकल्प करायचा होता. त्याला कुठंतरी एक ओळ सापडली की १९१२ साली कार्लाइलच्या 'इंडियन' संघानं फुटबॉलमध्ये आर्मीला, म्हणजे वेस्ट पॉइंटच्या लष्करी अकादमीच्या संघाला, हरवलं. तो पळत स्वयंपाकघरात आला. "आई, आपली टीम होती इथे! शंभर वर्षांपूर्वी!" त्याचा चेहरा इतका फुलला होता की ते 'इंडियन' म्हणजे अमेरिकेतले मूळ रहिवासी, आपण नव्हे, हे सांगायला मला जीभच रेटेना. फुटबॉल मला कळत नव्हता, तो इतिहासही माहीत नव्हता. मंडळात शनिवारची मॅच न चुकता बघणारे तुम्हीच, म्हणून तुम्हाला फोन केला. तुम्ही म्हणालात, "त्याला काही सांगू नकोस. मी येतो."

आलात ते फुटाण्यांचा डबा घेऊन. जेवणाच्या टेबलावर वर्तमानपत्र पसरलंत, एका बाजूला अकरा शेंगदाणे, दुसऱ्या बाजूला अकरा फुटाणे. शेंगदाणे आर्मीचे, फुटाणे कार्लाइलचे. "आपल्या कोल्हापूरच्या पाटाकडील-दिलबहार तालमींच्या मॅचमधला, पायानं खेळायचा फुटबॉल डोक्यातून काढून टाक," हे त्याला तुमचं पहिलं वाक्य. मग म्हणालात, "कबड्डीत चढाईला एक दम असतो. इथं चार दम. चार दमांत दहा यार्ड पुढं सरकायचं, नाही जमलं तर चेंडू त्यांचा." वर हेही सांगितलंत की हा चौथा दम १९१२ सालीच मिळाला. त्याच वर्षी टचडाउनचे, म्हणजे चेंडू समोरच्यांच्या शेवटच्या रेषेपार नेण्याचे, पाचाचे सहा गुण झाले आणि मैदान ११० यार्डांवरून १०० यार्डांवर आलं. त्याआधी या खेळात इतकी पोरं मरत आणि जायबंदी होत होती की १९०५ला अध्यक्ष रूझवेल्टना हार्वर्ड, येल आणि प्रिन्स्टनच्या माणसांना व्हाइट हाउसमध्ये बोलवावं लागलं. १९०६ला चेंडू पुढं फेकायची मुभा मिळाली, आणि नुसत्या रेटारेटीच्या खेळात चपळ पोरांना जागा झाली. कार्लाइलची पोरं अंगानं हलकी, समोरचे धिप्पाड. ही मुभा त्यांच्यासाठीच आल्यासारखी होती.

मग तुम्ही दोन फुटाणे रांगेच्या दोन्ही टोकांना, जरा मागं सरकवलेत. पॉप वॉर्नर या प्रशिक्षकानं बसवलेली ही दोन पंखांची मांडणी. चेंडू कुणाच्या हातात जाणार, डावीकडून पळणार की उजवीकडून, समोरच्याला पत्ताच लागत नाही. तुम्ही फुटाणे फिरवत होतात आणि लेक शेंगदाणे घेऊन अडवायला बघत होता. तिसऱ्या वेळी त्याला बरोबर ओळखता आलं, तेव्हा तुम्ही त्याच्या पाठीत धपाटा घातलात. त्या दिवसापासून तो तुमच्या मागं लागला, ते आजतागायत.

'इंडियन' शब्दाचा उलगडाही तुम्हीच केलात, आणि किती जपून! "कोलंबस चुकला, त्यानं आपलं नाव ह्यांना दिलं. त्यांना स्वतःची नावं आहेत. ती आधी शीक." मग संघातल्या पोरांची नावं वहीत लिहून घेतलीत, प्रत्येकापुढं त्याची जमात किंवा मुलूख. जिम थॉर्प, सॅक अँड फॉक्स. गस वेल्च आणि जो गायॉन, ओजिब्वे. अ‍ॅलेक्स अर्कासा, कोल्व्हिल. पीट कॅलॅक, थेट कॅलिफोर्नियातला. मी शेजारी पोळ्या लाटत ऐकत होते. संघ म्हणून एका नावाखाली बघितलेली माणसं अशी एकेक करून वेगळी होताना मी पहिल्यांदाच पाहिली.

नंतरच्या रविवारी तुम्ही सामन्यांची यादी आणलीत आणि त्याला म्हणालात, "पुस्तकात लिहिलंय त्यांनी वर्षात ५०४ गुण केले. बेरीज मारून बघ की, खरं आहे का." यंत्र वापरायचं नाही. त्यानं वहीत एकाखाली एक मांडलं. ऑलब्राइटविरुद्ध ५०, लेबनन व्हॅली ४५, त्याच गावातलं डिकिन्सन ३४, व्हिलानोव्हा ६५. मग वॉशिंग्टन अँड जेफरसन शून्य. तिथं तो थांबला. "शून्य कसं?" दोघांचंही शून्य, बरोबरी. पुढं सिरॅक्युज ३३, पिट्सबर्ग ४५. जॉर्जटाउन ३४ शनिवारी आणि टोरोंटो ४९ लगेच सोमवारी, परक्या देशात जाऊन. लीहाय ३४, आर्मी २७, पेन (पेनसिल्व्हेनिया विद्यापीठ) २६, स्प्रिंगफील्ड ३०, ब्राउन ३२. दोनदा चुकला, तिसऱ्यांदा बरोबर ५०४ आले. २१ सप्टेंबर ते २८ नोव्हेंबर, १४ सामने, त्यातले १२ जिंकले. बहुतेक सामने दुसऱ्यांच्या मैदानांवर, रेल्वेनं जाऊन, कारण गर्दी आणि तिकिटांचा पैसा तिकडं. ते पान मी फाडू दिलेलं नाही.

आता ती शून्याची आणि पेनची गोष्ट. लेकाला ती दोन्ही गाळायची होती. ९ नोव्हेंबरला वेस्ट पॉइंटला जाऊन आर्मीला २७-६ असं लोळवलं, तिथंच गोष्ट संपवली की किती छान दिसते! खरं सांगते, मलाही तेच हवं होतं. तुम्ही ऐकलं नाहीत. पुढच्याच शनिवारी हीच पोरं पेनकडून ३४-२६ अशी हरली, हे त्याच्याच हातानं लिहायला लावलंत. "हरल्याशिवाय मोसम पुरा होत नाही, पोरी," असं मलाच म्हणालात.

आणि आर्मीचा सामनाही तुम्ही नुसता आकड्यात ठेवला नाहीत. डिसेंबर १८९०मध्ये वुंडेड नी इथं सैन्यानं लकोटा माणसं मारली, बायकापोरांसकट. त्यानंतर बावीसच वर्षांनी त्याच सैन्याचे होऊ घातलेले अधिकारी एका बाजूला आणि ही पोरं दुसऱ्या बाजूला. अर्कासानं तीन टचडाउन केले. गायॉनच्या अंगावर गेलेल्या आर्मीच्या कॅप्टनला पंचांनी बाहेर काढलं. आर्मीकडून खेळणारा एक पोरगा पुढं अमेरिकेचा अध्यक्ष झाला, आयझेनहॉवर. लेकानं कुठंतरी वाचलं होतं की थॉर्पला धरायला जाऊन त्याचा गुडघा कायमचा गेला. तुम्ही म्हणालात, गुडघा गेला तो आठवड्यानं, टफ्ट्सशी खेळताना. "गोष्ट चांगली आहे म्हणून खरी होत नाही." त्यानं ते खोडलं आणि रुसून बसला. आता हायस्कुलात आहे, आणि मित्रांना हीच गोष्ट दुरुस्त करून सांगतो.

पण काका, सगळ्यात जास्त आभार मला बोर्डिंगच्या गोष्टीसाठी मानायचे आहेत.

हे कॉलेज नव्हतंच, हे तुम्ही सांगितलंत तेव्हा मी चमकले. नाव 'कार्लाइल इंडियन इंडस्ट्रियल स्कूल', जुन्या लष्करी बराकीत १८७९ला रिचर्ड प्रॅट या लष्करी अधिकाऱ्यानं काढलेली सरकारी निवासी शाळा. लहान लहान मुलं हजारो मैलांवरून आणायची, केस कापायचे, गणवेश चढवायचा, नाव बदलायचं, स्वतःची भाषा बोलायची नाही. पहिल्या तुकडीतल्या एका मुलाला फळ्यावर लिहिलेल्या नावांपैकी एकावर काठी टेकवायला सांगितलं, आणि त्याला वाचता न येणारं ते नाव त्याचं झालं. अर्धा दिवस अभ्यास, अर्धा दिवस काम, सुट्टीत गोऱ्यांच्या शेतांवर राबायला. कॉलेजांच्या संघांना हरवणारी पोरं या अशा शाळेची होती.

तेव्हा तुम्ही थोडा वेळ गप्प बसलात. मग म्हणालात, "मी पण बोर्डिंगात वाढलो." कोल्हापूरच्या माणसाला 'बोर्डिंग' शब्द किती गोड लागतो, ते तुमच्याकडून कळलं. शाहू महाराजांनी १९०१ला व्हिक्टोरिया मराठा बोर्डिंग काढलं, मग जैन, मुस्लिम, लिंगायत, अस्पृश्य अशा एकेका समाजाच्या मुलांची सोय झाली. खेड्यातलं पोरगं गाठोडं घेऊन यायचं, तिथं राहून शिकायचं आणि स्वतःच्याच नावानं, स्वतःच्याच बोलीत मोठं व्हायचं. तुमचे वडील तुम्हाला सोडायला आले तेव्हा रडले होते म्हणालात, पण पुढच्या दिवाळीला तुम्ही घरी होतात. "तोच शब्द, साधारण तोच काळ, आणि बघ काय फरक," एवढंच बोललात. त्यावर भाष्य केलं नाहीत, करू दिलंही नाहीत. मी मात्र तेव्हापासून 'बोर्डिंग' शब्द सहज वापरत नाही.

कार्लाइलच्या त्या आवारात आता लष्कराचं वॉर कॉलेज आहे. ओळखपत्रं दाखवून, पास काढून तुम्ही आम्हाला आत नेलंत. लेकाला वाटलं आधी मैदान दाखवाल. तुम्ही आधी दफनभूमीत नेलंत. पांढऱ्या दगडांच्या रांगा, प्रत्येकावर नाव आणि जमात, काहींवर नुसतं 'अज्ञात'. दगडांवर लोकांनी ठेवलेल्या वस्तू: नाणी, शिंपले, एक लहानसं कापडी अस्वल पावसानं भिजून काळं पडलेलं. लेक त्या अस्वलापाशी बराच वेळ उभा राहिला. मग त्यानं खिशातला फुटबॉलच्या कार्डांचा गठ्ठा काढला, त्यातलं एक निवडलं, आणि तुमच्याकडं बघितलं. तुम्ही मान हलवलीत. त्यानं ते दगडाच्या कडेला टेकवून ठेवलं. मैदानावर नंतर गेलो, पण तिथं तो धावला नाही.

२०१७पासून लष्कर इथल्या मुलांचे अवशेष त्यांच्या जमातींकडे परत पाठवतंय, हे तुम्ही तेव्हाच सांगितलं होतंत. डिसेंबर २०२४मध्ये ती जागा राष्ट्रीय स्मारक झाली, तेव्हा बातमी वाचून लेकानं पहिला फोन तुम्हाला लावला, आजोबांनाही नाही.

थॉर्पबद्दल तुम्ही हातचं राखून बोललात, कारण त्याच्यावर सगळेच बोलतात. त्या उन्हाळ्यात स्टॉकहोमच्या ऑलिंपिकमध्ये दोन सुवर्णपदकं, मोसमात २५ टचडाउन, आणि ब्राउनच्या सामन्याला दोन महिने होत नाहीत तोच, जानेवारी १९१३मध्ये, पूर्वी पैसे घेऊन बेसबॉल खेळला म्हणून पदकं काढून घेण्याचा वाद. पूर्ण न्याय मिळायला २०२२ उजाडलं, तोवर त्याला जाऊन जवळजवळ सत्तर वर्षं झाली होती. वॉर्नरचंही तुम्ही एकाच बाजूनं कौतुक करू दिलं नाहीत. मांडणी बसवणारा तो, मुलांच्या फुटबॉल संस्थेला आज नाव त्याचं, आणि १९१४ला शाळेची चौकशी लागली ती गस वेल्चनं पुढाकार घेऊन मुलांच्या सह्या गोळा केल्या म्हणून. त्यात वॉर्नरच्या शिवीगाळीची तक्रार होती, फुटबॉलच्या पैशाचा हिशेबही निघाला. ज्याच्या डोक्यातला डाव मैदानावर चालवायचा, त्याच्याचविरुद्ध उभं राहायचं, हे त्या क्वार्टरबॅकला कसं जमलं असेल? माझ्या मते सगळ्या मोसमात सगळ्यात मोठा खेळाडू वेल्च. तुम्हाला हे पटणार नाही, माहीत आहे. तुमचं मत थॉर्पलाच.

प्रकल्पाला शाळेत काय गुण मिळाले, ते तुम्ही कधी विचारलं नाहीत म्हणून मीही सांगत नाही. तक्ता अजून त्याच्या खोलीत आहे. मधोमध आकड्यांची बेरीज, एका कोपऱ्यात तुमची पंखांची मांडणी, आणि त्यावर गोंदानं चिकटवलेले खरेखुरे फुटाणे. दोन पडलेत, बाकीचे आहेत.

काका, तुम्ही इतके रविवार दिलेत. वर्षानुवर्षं इथं राहून गोळा केलेलं एका पोराच्या वहीत ओतलंत, आणि त्याला सोपी गोष्ट न देता खरी दिलीत. मनापासून आभार. काकूंनाही सांगा, त्या दिवसांत तुमचं जेवण थंड होत राहिलं त्याबद्दल त्यांचेही.

कोल्हापूरचं खासबाग हे कुस्तीचं मैदानही १९१२लाच बांधून झालं, असं तुम्ही एकदा बोलता बोलता म्हणाला होतात. लेकाच्या ते लक्षात आहे. तक्त्यावर डाव्या बाजूला थोडी जागा उरलीय, तिथं त्याला त्या मैदानाचा फोटो लावायचाय. गेल्यावर एक काढून पाठवाल का?

तुमची,
मेकॅनिक्सबर्गची पोरगी