शार्लचं घर कोणी राखलं

प्रिय मित्रा,

परवा फोनवर तू विचारलंस की पंधराव्या शतकातल्या त्या फ्रेंच ड्यूकमध्ये, शार्ल द ओर्लेआँमध्ये, तुला एवढं काय दिसतं, लढाईत पकडला गेला, पंचवीस वर्षं इंग्लंडात कैदेत काढली, कविता केल्या, संपलं. फोनवर काही ते नीट सांगता आलं नाही म्हणून हे लांबलचक पत्र, निवांत असशील तेव्हा वाच. कविता मला आवडतातच, पण मी त्यात अडकलो ते त्याच्या घरच्या माणसांमुळे. हे घर बुडवलं ते रक्ताच्या नातेवाईकांनी, आणि ज्यानं ते राखलं त्याचा कायद्यानं त्या घरावर काडीचा हक्क नव्हता.

आधी बापाचं सांगतो. बाप म्हणजे लुई, ओर्लेआँचा ड्यूक, फ्रान्सचा राजा सहावा शार्ल याचा सख्खा धाकटा भाऊ. राजाला १३९२ पासून वेडाचे झटके यायचे, मग कारभार कोणी बघायचा यावरून लुई आणि बर्गंडीचा ड्यूक जाँ यांच्यात जुंपली, आणि हे दोघे चुलतभाऊ, म्हणजे अगदी घरातली भाऊबंदकी. (त्या काळात प्रत्येक घरात एक तरी जाँ असायचा, या पत्रात चार येतील, म्हणून मी त्यांना जहागिरीच्या नावानंच ओळखतो.) आई व्हॅलेंटिना, मिलानच्या व्हिस्कोंती घराण्यातली. राजाला झटका आला की तो स्वतःच्या बायकोला ओळखायचा नाही पण या भावजयीजवळ शांत व्हायचा, झालं, लोकांनी ही बाई चेटूक करते म्हणून उठवलं आणि १३९६ मध्ये तिला पॅरिस सोडावं लागलं.

२३ नोव्हेंबर १४०७ ची रात्र. लुई राणीकडे जेवायला गेला होता, तिथे राजानं बोलावलंय असा खोटा निरोप आला, हा खेचरावर बसून मोजक्या माणसांनिशी निघाला आणि वियेय द्यु तांप्ल नावाच्या गल्लीत मारेकऱ्यांनी गाठून त्याला ठार मारलं, एक हात तर मनगटापासून तोडला. बर्गंडीकर काळे कपडे घालून अंत्ययात्रेला हजर, आणि काही दिवसांनी कबूल केलं की मीच करवलं. पुढच्या मार्चमध्ये त्यानं एका धर्मपंडिताला भरसभेत उभं केलं आणि त्या पंडितानं तासन्‌तास बोलून सिद्ध केलं की जुलमी माणसाला मारणं हे पुण्यच आहे. आणि राजानं माफी दिली! स्वतःच्या भावाच्या खुन्याला. बापाचा खून झाला त्याच्या दुसऱ्या दिवशी शार्लला तेरावं वर्ष पूर्ण झालं.

व्हॅलेंटिना काळ्या कपड्यांत पॅरिसला गेली, न्याय मागितला, मिळाला नाही, आणि डिसेंबर १४०८ मध्ये ब्लुआच्या किल्ल्यात वारली. तिच्याबद्दल मला फार वाटतं रे. लुईला एका सरदाराच्या बायकोपासून झालेला एक मुलगा होता, तोही जाँ, पुढे दुनुआ म्हणून ओळखला गेला तो. व्हॅलेंटिनानं या पोराला आपल्या पोरांबरोबर पोटच्या पोरासारखं वाढवलं. असं सांगतात की मरताना तिनं सगळ्या मुलांना जवळ बोलावलं आणि या पाच-सहा वर्षांच्या पोराकडे बघून म्हणाली की हा खरा माझाच, माझ्याकडून चोरला गेला, आणि बापाचा सूड घ्यायला यांच्यात याच्याइतका लायक दुसरा नाही. ती नेमकं हेच बोलली असेल का कोण जाणे पण तिनं त्याला वाढवलं हे तर खरंच आहे, आणि नवऱ्याच्या अनौरस पोराला असं पंखाखाली घेणं तेव्हाच काय आजही सोपं नाही.

तर आता चौदा वर्षांचा शार्ल घरातला कर्ता पुरुष. लग्न आधीच झालेलं, १४०६ मध्ये, सख्ख्या चुलत बहिणीशी, राजाची मुलगी इझाबेल, पोपची परवानगी काढून. तीसुद्धा काय नशीब घेऊन आलेली, सातव्या वर्षी इंग्लंडचा राजा दुसरा रिचर्ड याच्याशी लग्न, दहाव्या वर्षी विधवा, मग हा तिच्याहून पाच वर्षांनी लहान नवरा, आणि १४०९ मध्ये बाळंतपणात गेली, मागे मुलगी राहिली जान. म्हणजे पंधरा वर्षं पूर्ण व्हायच्या आत हा पोरका, विधुर आणि बाप असं तिन्ही होऊन बसला. मग १४१० मध्ये आर्मान्याकच्या काउंटची मुलगी बॉन हिच्याशी दुसरं लग्न, ते सरळसरळ सैन्यासाठी, कारण सासऱ्याकडे माणसं होती आणि याला बापाचा सूड घ्यायचा होता, इतकं की पुढे या अख्ख्या पक्षालाच लोक आर्मान्याक म्हणायला लागले.

आणि इथे त्यानं जे केलं ते मला अजून पचत नाही. बर्गंडीविरुद्ध मदतीला १४१२ मध्ये यानं आणि याच्या बाजूच्या बड्या सरदारांनी इंग्रजांना बोलावलं, ते समुद्र ओलांडून येईपर्यंत इकडे फ्रेंचांचा आपापसात तह झाला, आता आलेलं सैन्य परत कसं पाठवायचं, तर पैसे देऊन, आणि पैसे हातात नव्हते म्हणून ओलीस दिला धाकटा भाऊ, आंगुलेमचा जाँ, बारा-तेरा वर्षांचा. तो पोरगा घरी परतला १४४५ मध्ये. बत्तीस वर्षं! शार्ल तेव्हा जेमतेम अठराचा, सल्ला देणारे सगळे मोठे, हे मला कळतं, पण पैसे थकले आणि भाऊ तिथेच राहिला हे काही त्यानं बदलत नाही. तिकडे त्या आंगुलेमकरानं इंग्रजी शिकून चॉसरच्या कँटरबरीच्या गोष्टींची एक प्रत करवून घेतली, ती अजून पॅरिसच्या राष्ट्रीय ग्रंथालयात आहे.

एक हिशेबाची नोंद मला फार आवडते, ती १४१४ ची. शार्लनं एक झगा करवला, त्याच्या बाह्यांवर एका गाण्याचे शब्द भरतकामात काढले आणि त्याचे सूर मोत्यांत. एकूण ९६० मोती, त्यातले ५६८ नुसत्या सुरांसाठी, गाण्यात १४२ सूर आणि प्रत्येक सुराला चार मोती, चौकोनात बसवलेले. गाणं काय, तर बाईसाहेब, मी पूर्वीपेक्षा आनंदात आहे. मी ही नोंद वाचतो तेव्हा मला तो पोरगा दिसतो, वीस वर्षांचा, गाण्याचं वेड असलेला, बाह्या पुढे करून कारागिरासमोर उभा. पुढच्या वर्षी २५ ऑक्टोबर १४१५ ला आजिंकूरच्या लढाईत, चिखलात, इंग्रजांना तो प्रेतांच्या ढिगाखाली सापडला, जिवंत.

कैद म्हणजे अंधारकोठडी नाही हां, तो राजाच्या घरातला माणूस, त्याची किंमत मोठी, त्यामुळे नोकर होते, पुस्तकं होती, पत्रं जायची यायची. पण एका किल्ल्यातून दुसऱ्या किल्ल्यात हलवत राहायचे, लंडनचा टॉवर, विंडसर, पाँटफ्रॅक्ट, फॉदरिंगे, बोलिंगब्रोक, आणि इंग्लंडचा राजा पाचवा हेन्री यानं १४२२ मध्ये मरताना बजावून ठेवलं की माझा मुलगा मोठा होईपर्यंत याला सोडू नका, आणि मुलगा तेव्हा तान्हा. इकडे घरी जहागीर बघणारा भाऊ फिलिप १४२० मध्ये वारला, मुलगी जान मोठी झाली, लग्न झालं आणि १४३२ मध्ये मेलीसुद्धा, बॉनही हा परत यायच्या आत गेली, मूलबाळ नाही, विसाव्या वर्षी सोडून आलेली बायको याला पुन्हा दिसलीच नाही. एकदा फ्रान्सात बातमी पसरली की शार्ल मेला, तेव्हा त्यानं एक कविता लिहून पाठवली, त्यात शेवटी तो म्हणतो सगळ्यांना कळू द्या, उंदीर अजून जिवंत आहे. तू विचारलंस ना काय दिसतं, हे दिसतं.

आता दुनुआ. लोक त्याला ओर्लेआँचा बास्टर्ड म्हणायचे आणि त्यात हिणवणं नव्हतं, ते त्याचं बिरुदच होतं. घरचा एक भाऊ मेलेला, दोन कैदेत, मग घराण्याच्या नावानं तलवार घेऊन उभं राहायला हाच उरला. ऑक्टोबर १४२८ मध्ये इंग्रजांनी ओर्लेआँला वेढा घातला, खरं तर ज्याचा धनी आपल्याच कैदेत आहे त्याच्या गावावर चालून जाणं तेव्हाच्या रीतीप्रमाणे कमीपणाचं मानायचे, तरी आले. शहराचा बचाव दुनुआकडे, वय पंचवीस-सव्वीस. पुढचं तुला माहीतच आहे, जोन ऑफ आर्क आली आणि ८ मे १४२९ ला वेढा उठला. पण जोनच्या गोष्टीत ही भावांची गोष्ट झाकली जाते याचं मला वाईट वाटतं, कारण आधीचे सहा-सात महिने तटावर उभा होता तो हाच. जोन स्वतः खटल्यात म्हणाली होती की ओर्लेआँच्या ड्यूकला मी सोडवून आणणार होते. आणि शार्लच्या खजिन्यातून तिच्यासाठी पोशाख शिवला गेला, तांबडं ब्रसेल्सचं कापड आणि गडद हिरवं, त्याच्या घराण्याचे रंग, बिल झालं सोन्याची १३ नाणी. मालक कैदेत आणि त्याच्या रंगाचे कपडे त्याचं गाव सोडवणाऱ्या पोरीच्या अंगावर. १४३९ मध्ये, अजून कैदेतच असताना, शार्लनं भावाला दुनुआची जहागीर दिली, ज्या नावानं आपण त्याला ओळखतो ते तिथून आलं.

सुटका कोणी केली हे ऐक. बर्गंडीच्या त्या खुनी ड्यूकलाही १४१९ मध्ये मोंत्रोच्या पुलावर तहाच्या बोलणीतच मारलं होतं, आणि त्याचा मुलगा फिलिप यानं १४४० मध्ये पुढाकार घेऊन शार्लची खंडणी जमवली. बापाला मारणाऱ्याच्या मुलानं! फिलिपची बायको पोर्तुगालची इझाबेल, तिनं तर वाटाघाटींसाठी जिवाचं रान केलं आणि शार्ल आल्यावर ग्रावलिनला स्वतः सामोरी गेली. त्याच महिन्यात सेंट ओमरला फिलिपच्या भाचीशी त्याचं लग्न, मारी द क्लेव्ह, ती चौदाची, हा सेहेचाळिसाचा. मला हा जोडा बघवत नाही हे खरं, पण दोन घराण्यांनी तेहेतीस वर्षांचं वैर तिथे मिटवलं.

मग ब्लुआला राहिला. त्याची कवितांची वही होती, त्यात येणारे-जाणारे लिहायचे, बायको मारीनंही लिहिलंय, त्या काळचा कवी व्हियों यानंही. मुलं खूप उशिरा झाली, १४५७ मध्ये मुलगी मारी, १४६२ मध्ये मुलगा लुई, मग आन. हा लुई म्हणजेच पुढे बारावा लुई, फ्रान्सचा राजा, आणि त्याच्यानंतर गादीवर आलेला पहिला फ्रान्स्वा हा त्या ओलीस ठेवलेल्या आंगुलेमकराचा नातू. १४९८ पासून १५८९ पर्यंत फ्रान्सचे सगळे राजे व्हॅलेंटिनाच्या वंशातले, पॅरिसमधून जिला चेटकीण म्हणून घालवलं तिच्या.

पण मला सगळ्यात जवळचा वाटतो तो १४५८ चा शार्ल. त्याचा जावई आलांसाँचा ड्यूक, तो चौथा जाँ, इंग्रजांशी संधान बांधल्याबद्दल व्हाँदोमला त्याच्यावर खटला चालला. मुलगी मरून सव्वीस वर्षं झालेली, जावयानं दुसरं लग्न केलेलं, नातं म्हणावं तर काही उरलं नव्हतं, आणि ज्यांनी याला पंचवीस वर्षं डांबलं त्यांच्याशीच त्यानं हातमिळवणी केलेली. तरी हा उठला आणि राजासमोर त्याच्या जिवाची भीक मागितली, वर सांगितलं की इंग्लंडात मी कितीदा मनात म्हणालोय, पकडला गेलो त्या लढाईतच मेलो असतो तर बरं. जावयाला मरणाची शिक्षा झाली, पण ती अमलात आली नाही, कैदेवर निभावलं.

आता त्या कवितांच्या वहीचे स्कॅन नेटवर बघायला मिळतात, तुला वेगळे पाठवतो. आणि लंडनच्या ब्रिटिश लायब्ररीत त्याच्या कवितांच्या दुसऱ्या एका हस्तलिखितात टॉवरचं चित्र आहे, तेही बघ, एकाच चित्रात तो आत बसून लिहितोय, खिडकीतून बाहेर बघतोय आणि खाली घोड्यावर बसून निघालाय. काय वाटलं ते कळव, आणि फोनवर नको, लिहूनच कळव.

तुझाच