‘मंदिर’ म्हणजे मन अधिक दर नव्हे, आणि ‘तिरुपती’तला पती म्हणजे नवरा नव्हे

मा. संपादक,
स.न.वि.वि.

मागच्या रविवारी तुमच्या पुरवणीत देवाधर्मातल्या संस्कृत आणि तमिळ शब्दांचे अर्थ सांगणारं पान आलं होतं, त्याबद्दल लिहितेय. पत्र लांबलंय. कापायचं तर कुठूनही कापा, फक्त तिरुपतीचा भाग तेवढा ठेवा, कारण तो छापून येईल असं मी शेजारच्या मामींना प्रॉमिस करून बसलेय.

त्या पानावर होतं की मंदिर म्हणजे मन अधिक दर, जिथे मनाचं दार उघडतं ते. प्रसाद म्हणजे प्र प्रभू, सा साक्षात, द दर्शन. तमिळ वैष्णव संत आळवार म्हणजे देवाला आळवणारे. तिरुपती म्हणजे त्रिपती, तिन्ही लोकांचा पती. आणि तमिळ पदांचं ते तिरुप्पावै म्हणजे पवित्र पावलं. पाचही चूक. त्यातले पहिले दोन तर आमच्या फॅमिली ग्रुपवर दर गणपतीत फिरतात, आणि खोटं कशाला बोलू, ते मन अधिक दर मी स्वतः दोन वर्षांपूर्वी सोसायटीच्या हळदीकुंकवाला माईकवर सांगून टाळ्या घेतल्यात. घरी आल्यावर नववीतल्या नातीने विचारलं, आजी, दर हा शब्द फारसी ना, दरवाजातला, दरबारातला, मग तो संस्कृत शब्दाच्या पोटात कसा गेला? मी म्हटलं झोप आता. तेव्हा ह्या पत्रात राग कमी आणि ओशाळलेपण जास्त आहे असं समजा.

नंतर मी डिक्शनरी काढली. संस्कृतात मंदिर म्हणजे घर, राहायची जागा, बस. देवाचंच असं काही नाही. तुलसीदासांचा हनुमान लंकेत सीतेला शोधतो तेव्हा ‘मंदिर मंदिर प्रति करि सोधा’ असं येतं, आता लंकेत काय देवळं शोधत होता का तो, राक्षसांची घरं होती ती! आणि आपण दादरच्या शिवाजी मंदिरात जातो ते नाटक बघायला, पोरांना बालमंदिरात घालतो, तेव्हा कुणाला मनाचं दार आठवत नाही. आपला खरा शब्द देऊळ, तो देवकुल वरून आला, कुल म्हणजे इथे घर. तमिळमध्ये देवळाला कोयिल म्हणतात, को म्हणजे राजा किंवा देव आणि इल म्हणजे घर. म्हणजे आपण देवाचं घर म्हणतो आणि तेही देवाचं घरच म्हणतात, दोघांनी आपापल्या भाषेत. मला तर हे मन अधिक दर पेक्षा कितीतरी जास्त आवडलं.

आता मामींबद्दल. आम्ही माटुंग्याला राहतो, आमच्या मजल्यावर चार दारं, त्यातलं एक मामींचं. जन्म कुंभकोणमकडचा, लग्न होऊन इथे आल्या त्याला पन्नास वर्षं झाली, मराठी माझ्याइतकंच बोलतात फक्त ‘भ’ला ‘ब’ म्हणतात. साधारण १६ डिसेंबर ते संक्रांत हा त्यांचा मार्गळी महिना. पहाटे पाचला उठून दारासमोर तांदळाच्या पिठाचं कोलम, आधी टिपके आणि मग हात न उचलता एकच रेघ त्या टिपक्यांना वळसे घालत फिरते, आणि तोंडाने आंडाळ ह्या तमिळ संत कवयित्रीचं तिरुप्पावै चालू, महिन्याचे तीस दिवस, तीस पदं, रोजचं एक ठरलेलं. मग वाटीभर पोंगल आमच्याकडे येतं. तांदूळ, मुगाची डाळ, तूप, अख्खी मिरी, जिरं, काजू. हा आपला धुंधुरमासच की! धनुर्मासाचा धुंधुरमास झाला, आणि आमच्या आजोळी ह्याच दिवसांत पहाटे मुगाची खिचडी आणि तीळ लावलेली बाजरीची भाकरी सूर्य उगवायच्या आत खायचे. तांदूळ तेच, डाळ तीच, पहाट तीच. पोंगल म्हणजे उतू येणं, फसफसून वर येणं, एवढाच अर्थ.

तर रविवारी वाटी परत द्यायला गेले तेव्हा तुमचं पान मामींना दाखवलं. चष्मा लावून वाचत होत्या, ‘पवित्र पावलं’पर्यंत आल्या आणि हसायलाच लागल्या. पावै म्हणजे बाहुली, आणि त्यावरून बाहुलीसारखी मुलगी. लग्नाच्या मुली मार्गळीत पहाटे नदीवर आंघोळ करून एक व्रत करायच्या, त्याचं नाव पावै. तिरु म्हणजे आपलं श्री. झालं तिरुप्पावै. आपल्याकडच्या भोंडल्याच्या पोरी आठवा आणि हातात पाटावरच्या हत्तीऐवजी कडाक्याच्या थंडीतली नदी द्या. पहिल्या ओळीतच ‘तिंगळ’ शब्द आहे, तमिळमध्ये चंद्रही तिंगळ आणि महिनाही तिंगळ, संस्कृतातल्या मास सारखंच. पुढे पाण्यात उतरायला ‘नीराड’ म्हटलंय, त्यातलं नीर आपल्याला लगेच ओळखू येतं, आणि आड म्हणजे खेळणं. आंघोळीला ‘पाण्यात खेळणं’ म्हणणारी भाषा आहे ती, आणि तुम्ही त्याची पावलं केलीत.

आळवारचं मात्र मी तुम्हाला अर्धं माफ केलंय. आळवणे हे क्रियापद मराठीत इतकं गोड आहे की कुणीही फसेल. पण आळवार तमिळ शब्द आहे आणि परंपरेने त्याचा अर्थ बुडालेले, देवात खोल गेलेले असा लावलाय. असे बारा, त्यांची मिळून चार हजार पदं, त्या संग्रहाच्या नावातलं नालायिर म्हणजेच चार हजार (ह्या शब्दाचं मराठीत काय होतं ते तुम्हीच बघा, मामींसमोर मला तो मोठ्याने वाचता येईना). त्या बारांत एकटी बाई ती आंडाळ, श्रीविल्लिपुत्तूरची. आता गंमत अशी की आळवारमधला ळ आणि आंडाळमधला ळ तमिळमध्ये वेगवेगळी अक्षरं आहेत, आपल्याकडे दोन्हीला एकच ळ. पहिला जीभ मागे वळवून, न टेकवता काढायचा, तमिळ ह्या नावातला जो शेवटचा आवाज आहे तो. दुसरा आपल्या फळातला. पहिल्याने बुडणं होतं आणि दुसऱ्याने राज्य करणं होतं. आंडाळ म्हणजे जिने राज्य केलं ती, देवावरच. मामींनी दोन्ही आवाज मला तीनतीनदा काढून दाखवले, मला दुसराच येतो.

आता प्रॉमिस केलेलं तिरुपती. आपल्याला पती दिसला की एकदम नवरा नाहीतर मालक दिसतो, गणपती, सेनापती, राष्ट्रपती, त्यामुळे तिरुपती म्हणजे श्रीचा पती असं सरळ वाटतं, आणि देव विष्णूच असल्याने ते बसतंही छान. पण तमिळमध्ये पति म्हणजे गाव, वस्ती, राहायचं ठिकाण. तिरुप्पति म्हणजे श्रीक्षेत्र. विष्णूच्या १०८ दिव्य क्षेत्रांनाच जुन्या तमिळमध्ये १०८ तिरुप्पति म्हणतात. आता एवढे १०८ पती म्हटल्यावर तरी शंका यायला हवी होती! म्हणजे ते देवाचं नाव नाहीच, गावाचं आहे, जसं आपण पंढरीला चाललो म्हणतो. देवाला ते पेरुमाळ म्हणतात, थोरला, मोठा, किंवा एळुमलैयान, सात डोंगरांवरचा. बालाजी तर उत्तरेकडच्यांनी आणि आपण म्हणायचं.

असंच श्रीरंगमचं. आपल्याला रंग म्हटलं की कलर नाहीतर रंगमंच. तमिळ अरंगम म्हणजे नदीतलं बेट. नकाशा काढून बघा, श्रीरंगम कावेरी आणि कोळ्ळिडम ह्या दोन पात्रांच्या मधोमध बसलंय. नाव त्या जागेला बघूनच पडलेलं दिसतं.

आणि अर्थ न कळता म्हणण्याचा विषय निघालाच आहे तर सुप्रभातम. सुब्बुलक्ष्मींची १९६३ची ती रेकॉर्ड आमच्या चाळीत तीन घरांत एकदम लागायची. त्यात नंतर जे स्तोत्र येतं ‘कमलाकुच’ वगैरे, ते मी लहानपणापासून भांडी लावताना गुणगुणतेय, आणि अर्थ कळला साठीत: लक्ष्मीच्या छातीवरच्या केशराने ज्याचं सावळं अंग लालसर झालंय असा तो. म्हटलं अगंबाई, हे मी सासऱ्यांसमोर म्हणायचे! मामी म्हणाल्या त्यात काय, नवराबायकोच आहेत ना. अजून एक, मार्गळीत तिरुमलाला, म्हणजे तिरुपतीच्या डोंगरावरच्या देवळात, पहाटे सुप्रभातम म्हणतच नाहीत, महिनाभर त्या जागी तिरुप्पावै असतं. म्हणजे वर्षभर देवाला संस्कृतातून उठवतात आणि ह्या एका महिन्यात तमिळमधून, आणि तमिळ तेही एका मुलीचं.

प्रसादाचं पण सांगते, कारण तिथे खरा अर्थ इतका सुंदर आहे की ते साक्षात दर्शन कशाला जोडलं कळत नाही. सद् म्हणजे बसणं. गढूळ पाण्यातला गाळ खाली बसून वरचं पाणी निवळतं तो प्रसाद. प्रसन्न हा शब्द त्याच धातूचा. देव प्रसन्न झाला म्हणजे निवळला. मग त्या निवळलेपणातून जे मिळतं तेही प्रसाद, आणि हाच शब्द प्राकृतातून घसरत घसरत ‘पसाय’ झाला, ज्ञानेश्वरांनी शेवटी मागितलं ते पसायदान. शाळेत वर्षानुवर्षं रोज म्हटलं, पसाय म्हणजे काय हे ना कुणी सांगितलं ना मी विचारलं. ओंजळ, पसा असंच काहीतरी वाटायचं.

त्याहून भारी भक्त. भज् म्हणजे वाटून घेणं, वाटा मिळणं, भाग शब्द त्यातलाच. भक्त म्हणजे ज्याला वाटा मिळाला तो, आणि वाटून दिलेलं अन्न, शिजवलेला तांदूळ, तोही संस्कृतात भक्तच! त्या भक्तचा प्राकृतात भत्त झाला आणि मराठीत भात. कुकरमधला भात आणि वारीतला भक्त हे सख्खे भाऊ आहेत हे मी घरी जेवताना सांगितलं तेव्हा आमचे हे म्हणाले, मग वाढ की थोडा भक्त. तीर्थही असंच, तृ म्हणजे तरून जाणं, तीर्थ म्हणजे नदी जिथून पायी ओलांडता येते ती जागा, गावाकडे ज्याला उतार म्हणतात.

आता कुणी म्हणेल बाई, असे शब्द फोडणं जुनंच आहे. आहेच. गुरु म्हणजे गु अंधार आणि रु तो घालवणारा, हे जुन्या संस्कृत ग्रंथांतच आहे. तिरुपतीचा डोंगर तो वेंकट, म्हणजे वें पाप आणि कट जाळणं, हेही त्याच्या माहात्म्यात दिलेलं आहे. ते ध्यानाला, चिंतनाला बसताना धरायचे अर्थ आहेत, कीर्तनात बुवांनी सांगितले तर मी मान डोलावून ऐकेन. पण गुरुचा मूळ अर्थ जड, वजनदार. वृत्तं शिकताना लघु-गुरु केलं ते काय अंधार घालवायला? आणि वेंगडम हे त्याच डोंगराचं तमिळ नाव तोलकाप्पियम ह्या जुन्या तमिळ व्याकरणग्रंथाच्या प्रास्ताविकात तमिळ मुलखाची उत्तरेची हद्द म्हणून येतं, उत्तरेला वेंगडम, दक्षिणेला कुमरी. म्हणजे पापं जाळायच्या आधी तो डोंगर शीव सांगत उभा होता. दोन्ही छापा ना, पण हे चिंतनातलं आणि हे शब्दाचं मूळ असं वेगळं करून छापा. आणि तमिळ शब्द असेल तर तमिळ येणाऱ्या कुणाला तरी एकदा फोन करा, मुंबईत काय दुष्काळ आहे का त्यांचा? तमिळ शब्दाला ओढूनताणून संस्कृत नाहीतर मराठी कपडे घातले की तो बिचारा मुका होतो.

जाता जाता, मामींनी माझीही विकेट काढली. त्यांच्याकडच्या भजनात मराठी अभंग म्हणतात, तिकडे ती जुनी पद्धत आहे, आणि मामींना बरेच पाठ आहेत. परवा विचारतात, तुम्ही लोक पुंडलिक वरदे असं का ओरडता? संस्कृतात वरदे म्हणजे देवीला हाक, सरस्वति नमस्तुभ्यं वरदे. पुंडलिकाला वर देणारा तो वरद, हाक मारायची तर वरद, नाहीतर मराठीत वरदा म्हणा, विठ्ठलाची बाई कशी केलीत? मी क्षणभर गप्प झाले आणि मग ठसक्यात सांगितलं की अहो मामी आम्ही त्याला विठाई म्हणतो, माउली म्हणतो, म्हणून वरदे. मामींना फार आवडलं, डोळ्यांत पाणीबिणी आलं त्यांच्या, आणि दार लावून घरात आल्यावर माझ्या लक्षात आलं की हे मी आत्ता जागेवर बनवलं. उद्या त्यांच्या भजनाच्या ग्रुपवर फिरेल.

आपली नेहमीची वाचक,
माटुंगा, मुंबई