‘बरोबर आलं का?’ असं विचारू नकोस

चि. ताईस अनेक आशीर्वाद.

फोनवर तू भराभर बोलतेस आणि इकडे कापसाच्या जिनिंगच्या वजनकाट्यावर गाड्यांची रांग, निम्मं ऐकूच येत नाही. म्हणून लिहितोय. तुमच्या काटा-पावतीच्या सॉफ्टवेअरची तपासणी आता आपोआप होणार आणि हाताने तपासायची यादी वेगळ्या एक्सेलमध्ये राहणार, एवढं कळलं. मला त्या एक्सेलबद्दलच बोलायचंय.

अशा याद्या कोणी मनापासून भरत नाही गं. आदल्या रात्री सगळ्या रकान्यांत ‘ओके’ ओढून टाकतात. त्यापेक्षा हाताची कामं स्क्रिप्टमध्येच, म्हणजे ती आपोआप तपासणी चालवणाऱ्या प्रोग्राममध्येच, बसवा. स्क्रिप्ट प्रिंटरपाशी आली की थांबेल, समोरच्याला विचारेल, उत्तर घेऊन पुढे जाईल. कोणी पाहिलं, किती वाजता पाहिलं, सगळं यंत्राच्या निकालासोबत एकाच अहवालात येईल.

खरी मेख आहे ती प्रश्नात. ‘पावती बरोबर आली का? हो/नाही’ असं विचारलंत तर दमलेला माणूस न बघता एंटर दाबणार. समज, भरलेली गाडी ४,८६० किलो, रिकामी ३,१२०, निव्वळ १,७४०. सॉफ्टवेअरची वजाबाकी बरोबर, प्रिंटरला पाठवलेला आकडाही बरोबर, म्हणून आपोआप चाचणी पास. पण डॉट मॅट्रिक्स प्रिंटरचा कागद भोकांवरून जरासा सरकलेला असतो, डावीकडचा १ कागदाबाहेर जातो आणि ‘वजन किती उनं भो?’ म्हणत आलेल्या शेतकऱ्याच्या हातात ७४० ची पावती पडते. दहा क्विंटल कापूस गेला कुठे, म्हणून तो माझीच गचांडी धरणार, तुमची नाही!

म्हणून स्क्रिप्टने सांगावं, ‘पावतीवर दिसतंय ते निव्वळ वजन टाइप करा.’ यायला हवा तो आकडा पडद्यावर अजिबात दाखवायचा नाही. जुळवायचं काम यंत्राचं. वैधमापनचे निरीक्षक दरवर्षी काट्याच्या पडताळणीला येतात, तेही मला ‘काटा बरोबर आहे का’ असं विचारत नाहीत. प्लॅटफॉर्मच्या वेगवेगळ्या जागी वजन ठेवतात आणि आकडा स्वतः वाचतात.

गावाच्या नावाचंही तेच करा. ‘अमळनेर’मधल्या ‘ळ’च्या जागी चौकोन छापला गेला, तर तो माणसालाच दिसेल. उलट वजाबाकी, क्विंटलचा हिशेब, भावाचा गुणाकार यात माणसाला मुळीच घालू नका. तिथे यंत्र शंभर गाड्या चहा होईस्तोवर तपासतं आणि कंटाळत नाही.

रात्री स्क्रिप्ट चालली आणि प्रिंटरपाशी कोणी नसलं, तर तो टप्पा ‘बाकी’ दाखवा. उत्तर आलं नाही म्हणून पुढे ढकलून ‘पास’ झाला, तर सगळ्यावर पाणी. आणि माणसाला दर पाच मिनिटांनी उठवू नका, चिडेल आणि वाट्टेल ते टाइप करील. प्रत्येक पावतीवर चाचणीचा नंबर छापा, सकाळी कोणीतरी गठ्ठा घेऊन एका बैठकीत वाचेल.

तू सांगितलेली नाईट कॅपिटलची, त्या अमेरिकेतल्या शेअर व्यवहारांच्या कंपनीची, हकीकत मी वाचली. १ ऑगस्ट २०१२, आठ सर्व्हरपैकी एकावर नवा कोड चढवायचा राहिला, तिथला जुना कोड जागा झाला आणि पाऊण तासात ४४ कोटी डॉलरच्या वर नुकसान. तुमचा टीम लीड म्हणतो, बघा, हाताने काम केलं की असं होतं. त्याचं अर्धं खरं आहे. अमेरिकेच्या बाजार नियामकाने पुढे हेही नोंदवलं, की ते काम दुसऱ्या माणसाने तपासलं नव्हतं आणि तपासावं असा लेखी नियमही नव्हता. हे त्याला जरूर दाखव. लेखी नियम म्हणजे तुमच्याकडे स्क्रिप्टमधला तो थांबाच की.

एक्सेलमधली यादी मला पाठव. कुठला प्रश्न कसा विचारायचा ते मी खुणा करून देतो, कोडमधलं मला काही कळत नाही. आईने कळण्याचं पीठ दिलंय, एसटी पार्सलने येईल.

तुझे आप्पा

ता. क. तपासणीच्या प्रिंटरला कोरी रिबन लावू नका. आमच्याकडे हंगामात विटकी रिबनही ओढून ओढून वापरतात आणि तिच्यावर ३ चा ८ वाचला जातो. तसल्याच रिबनवर वाचून बघा.