आकड्यांबरोबर आकडेमोडीच्या पायऱ्याही मागा

मा. संपादक,
स.न.वि.वि.

संशोधन अहवालांत तक्ते आणि आलेख असतात, पण मूळ माहितीपासून त्या आकड्यांपर्यंत संशोधक कसा पोहोचला हे बहुधा कुठेच लिहिलेले नसते. अनेक वर्षे संख्याशास्त्र शिकवताना आणि प्रबंध तपासताना मला हीच उणीव सर्वाधिक जाणवली आहे.

एका विद्यार्थिनीच्या प्रबंधात अभ्यासाचे तास आणि परीक्षेतील गुण यांचा सहसंबंध जवळजवळ शून्य आला होता, म्हणजे दोहोंत काही नातेच दिसत नव्हते. दोन्ही रकान्यांची सरासरी आणि प्रमाण विचलन (आकडे सरासरीभोवती किती पसरले आहेत याचे माप) मात्र अचूक होते. अखेर कागदी प्रश्नावल्या घेऊन एकेक ओळ ताडून पाहिली, तेव्हा उलगडा झाला: स्प्रेडशीटमध्ये फक्त गुणांचा रकाना निवडून तो उतरत्या क्रमाने लावला गेला होता आणि शेजारचे रकाने जागचे हलले नव्हते, म्हणजे एकीचे गुण दुसरीच्या नावासमोर गेले होते. पुढे संपूर्ण तक्ता नावांनुसार लावल्यामुळे उतरत्या क्रमाची ती खूणही पुसली गेली होती. तिचे कित्येक महिन्यांचे कष्ट एका क्लिकमुळे वाया जाणार होते, याचे मला आजही वाईट वाटते.

अशी चूक नामवंतांकडूनही होते. कार्मेन राइनहार्ट आणि केनेथ रोगॉफ या अर्थतज्ज्ञांच्या 2010 मधील सार्वजनिक कर्जावरील निबंधात एक्सेलच्या सरासरीच्या सूत्रातून 20 पैकी पाच देश सुटले होते. त्यांच्या निष्कर्षावर अन्य आक्षेप याहून मोठे होते हे खरे. पण ही चूक 2013 मध्ये उघड झाली, ती लेखकांनी आपली फाइल थॉमस हर्नडन या विद्यार्थ्याला दिली म्हणूनच. इंग्लंडमध्ये 2020 साली कोरोनाच्या 15,841 रुग्णांची नोंद वेळेत झाली नाही, कारण जुन्या एक्सेल फाइलमध्ये 65,536 ओळींपलीकडे जागाच नसते.

स्प्रेडशीट वापरूच नये, असे मी म्हणत नाही. माहिती भरायला आणि नजरेखालून घालायला तिच्याइतके सोयीचे साधन नाही. विश्लेषण मात्र लिहून ठेवता येईल अशा साधनात करावे. त्यासाठी ‘आर’ ही संगणकभाषा विनामूल्य मिळते, आणि एसपीएसएस या संख्याशास्त्रीय सॉफ्टवेअरमध्ये खिडक्या उघडून काम करणाऱ्यालाही ‘पेस्ट’ बटण दाबून प्रत्येक आज्ञा सिंटॅक्स फाइलमध्ये, म्हणजे आज्ञांच्या लेखी यादीत, उतरवता येते. लिहिलेल्या आज्ञांतही चुका होतात, पण त्या दुसऱ्याला ओळीओळीने वाचता येतात.

म्हणून विद्यापीठांना आणि शोधपत्रिकांच्या संपादकांना माझी कळकळीची विनंती आहे, की प्रत्येक प्रबंधासोबत व्यक्तींची ओळख काढून टाकलेली, पण एरवी हात न लावलेली मूळ माहिती आणि विश्लेषणाची आज्ञावली मागावी, तसेच परीक्षकाने ती आपल्या संगणकावर एकदा चालवून आलेले आकडे छापील तक्त्यांशी जुळवून पाहावेत.

आपला,
संख्याशास्त्राचा एक शिक्षक