भिगवणची दुपार

प्रिय सुहास,

जानेवारीअखेरीस पक्षी बघायला उजनी धरणाच्या जलाशयाकाठी भिगवणला जायचं ठरवलंस, फार बरं वाटलं. सकाळ जमत नाही म्हणून हिरमुसू नकोस. दुपारही छान जाते, फक्त वेळेचं गणित सांभाळावं लागतं.

बारा ते तीन पाण्याकडे फिरकूच नकोस. तापलेल्या गाळावरून गरम हवा वर चढते आणि दुर्बिणीतून शंभर-दीडशे मीटरपलीकडचं सगळं थरथरतं. दोष दुर्बिणीचा नसतो, हवेचा असतो. तीनच्या सुमारास कुंभारगावच्या काठावर पोच. नावाड्याला आधीच सांग, सूर्य पाठीशी राहील असं ने. म्हणजे होडी पक्ष्यांच्या पश्चिमेला हवी. उलट्या बाजूने गेलास तर पाण्याच्या चकाकीत चक्रवाक बदकाचा नारिंगी रंगसुद्धा काळा दिसेल.

दुर्बीण ८×४२ (आठपट मोठं दाखवणारी, ४२ मिमी भिंगाची) पुरे. दहापट घेतलीस तर हलत्या होडीत चित्र स्थिर राहणार नाही. निघण्यापूर्वी घरी ती तुझ्या डोळ्यांना जुळवून घे: उजवा डोळा मिटून मधल्या चाकाने तीसेक मीटरवरची पाटी स्पष्ट कर, मग डावा मिटून फक्त उजव्या भिंगाची कडी फिरव. ही कडी एकदा बसली की पुन्हा हलवायची नाही. तुला चष्मा आहे, तेव्हा डोळ्यांजवळची रबरी कडी आत दाबून ठेव, नाहीतर अर्धंच दृश्य दिसतं.

रोहित (फ्लेमिंगो) किती दिसतील हे थंडीपेक्षा उजनीच्या पाण्यावर ठरतं. पाणी उतरून उथळ गाळ उघडा पडला की त्यांना चरायला जागा होते. धरण तुडुंब असेल त्या वर्षी डिसेंबरात ते थोडेच असतात. म्हणून आधी फोन करून पाणी किती उतरलंय ते विचार.

थवा दिसला की शंभर मीटरवरच इंजिन बंद करायला लाव, पुढे वल्ह्याने जायचं, तेही अगदी हळू. चरणाऱ्या रोहिताचं डोकं पाण्यात उलटं असतं. माना ताठ करून सगळे एकाच दिशेने चालू लागले की समज, आपण फार जवळ आलो. तिथेच थांबा. आणखी पुढे गेलात तर थवा पाण्यावर धावत उठतो. त्यांची ताकद जाते, चरणंही मोडतं. फोटोसाठी थवा उडवू या असं कोणी म्हटलं तर स्पष्ट नाही म्हण. यात भीड ठेवू नकोस.

बदकांसाठी तुझा महिना अगदी योग्य. हिवाळ्याच्या सुरुवातीला बरेचसे नर अजून मादीसारखेच मळकट असतात, जानेवारीपर्यंत त्यांना रंग चढतो. थापट्याची चोच पळीसारखी रुंद, भुवई बदकाच्या नराची पांढरी भुवई लांबूनही दिसते, आणि हळदी-कुंकू बदकाच्या चोचीचं टोक पिवळं, बुडाशी दोन लाल ठिपके. सगळी बदकं एकदम उधळली तर त्यांच्याकडे नाही, वर बघ: बहुतेक वेळा दलदली भोवत्या हा शिकारी पक्षी घिरट्या घालत असतो.

काठावर उतरशील तेव्हा गाळाला जप. वरून वाळून भेगाळलेला दिसतो, पण आत पाय गुडघ्यापर्यंत जातो. गुरांच्या खुरांचे ठसे उथळ आहेत तिथवरच जा. पांढरा शर्ट नको, मातकट घाल. स्वेटर मात्र ने. सूर्य साडेसहाच्या आत मावळतो आणि पाण्यावरचा वारा लगेच बोचू लागतो.

पट्टकदंब हंस भेटले तर पिल्लांना फसू नकोस. डोक्यावरचे दोन काळे पट्टे मोठ्यांनाच असतात, पहिल्या वर्षीच्या पिल्लांना नसतात. थव्यातल्या प्रत्येकाची मान एकदा नीट बघ. मंगोलियात अभ्यासकांनी गळ्यात पट्टी घातलेले हंस दक्षिण भारतात दिसलेले आहेत. तशी पट्टी दिसली तर रंग, अक्षर आणि आकडे तिथल्या तिथे वहीत लिही, आणि फोटो अंधुक आला तरी पुसू नकोस, मला पाठव.

तुझा,
विनय