चि. रेवास पत्र

चि. रेवा,
अनेक आशीर्वाद.

डासांच्या पोटातलं रक्त कोणाचं, हे शोधायचं काम तुझ्याकडे आलं हे वाचून फार आनंद झाला. हिवतापाचा डास माणसाला किती चावतो आणि गुरांना किती, हे कळल्याशिवाय तो किती घातक आहे ते ठरत नाही.

आमच्या आधीच्या पिढीने हे प्रेसिपिटिन चाचणीवर केलं. डासाचं पोट टीपकागदावर चिरडायचं, डाग खारट पाण्यात भिजवायचा आणि त्यात प्रतिसीरम, म्हणजे ठरावीक प्राण्याच्या रक्ताशीच जुळणारं द्रव, सोडायचं. जुळलं की पांढुरकी कडी दिसायची. पुढे एलायझा आली, म्हणजे प्रतिपिंडांनी रंग उमटवून रक्त ओळखायची चाचणी. एका प्लेटमध्ये ९६ खळगे असल्याने काम भराभर होतं, पण शेळी-मेंढीसारखी जवळची जनावरं तिथेही वेगळी करणं कठीणच. पीसीआरने, म्हणजे डीएनएच्या ठरावीक तुकड्याच्या असंख्य प्रती काढून, सायटोक्रोम बी हे प्रत्येक प्राण्यात थोडं वेगळं असणारं, मायटोकॉन्ड्रियातलं (पेशीतल्या ऊर्जा बनवणाऱ्या कणांतलं) जनुक वाढवलं की ती अडचण बरीच सुटते.

आता नीट वाच. सस्तन प्राण्यांच्या तांबड्या पेशींत केंद्रक नसतं आणि मायटोकॉन्ड्रियाही नसतात. डास पितो दोन-तीन मायक्रोलिटर, त्यातला डीएनए तुला मिळणार तो मुख्यतः मूठभर पांढऱ्या पेशींतून, आणि तोही डासाच्या पोटात सतत पचत असतो. दीड-दोन दिवस उलटले की चाचणीत डीएनएची पट्टी, म्हणजे तो सापडल्याची खूण, उमटेनाशी होते. म्हणून पोट लालभडक आहे, काळपट आहे की अंडी धरलेली आहेत, हे आधी वहीत लिही आणि नमुना लगेच ओलावा शोषणाऱ्या सिलिका जेलवर वाळव किंवा उणे २० अंशांवर ठेव. पक्ष्यांच्या तांबड्या पेशींत मात्र केंद्रक असतं. एकाच पोटात कोंबडीचं आणि माणसाचं रक्त असेल, तर कोंबडीचा डीएनए माणसाचा झाकून टाकू शकतो.

प्रत्येक फेरीत रक्त न प्यायलेला एक डास आणि नुसतं पाणी लावच. त्यांतही माणसाची पट्टी दिसली, तर ती आपल्याच हातांची समज आणि सगळी फेरी पुन्हा कर, कितीही उशीर झाला तरी.

सगळ्यात मला काळजी वाटते ती डास पकडण्याच्या जागेची. झोपायच्या खोलीतल्या भिंतीवरचे डास माणसाचंच रक्त जास्त दाखवणार, गोठ्यातले गुरांचं. चाचणी दोन्हीकडे अचूक असली, तरी एकाच जागेच्या डासांवरून काढलेली टक्केवारी त्या जातीची खरी आवड सांगत नाही. तुझ्याकडे येणारे डास कोण पकडतं, घरात की बाहेर, हे विचारून मला कळव. नळ्यांवर जागा लिहिलेली नसेल, तर काम सुरू करण्याआधी ती मागून घे.

तुझा,
बाबा